तर, तम आणि तारतम्य
(स्मृतिव्याख्यान, अयोध्या नगर, भोपाळ)



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे आयुष्य इंग्रजीचे व्याकरण शिकविण्यात गेले. या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी साहित्य, विज्ञान आणि समाजकारण यांवर विचार मांडले. मला निमंत्रण आले तेव्हा मनात आले की, सरांच्या स्मरणार्थ एकदा तरी व्याकरणातल्याच एखाद्या विषयावर बोलले जावे. म्हणून आठवी-नववीच्या पुस्तकातला, परीक्षेत हमखास चार-पाच गुणांचा आणि एरवी रुक्ष समजला जाणारा विषय मी निवडला आहे. इंग्रजी विशेषणांच्या तुलनेचा हा विषय. आपण सर्वांनी तो 'डिग्री' या नावाने घोकला आहे: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. इतक्या लहान गोष्टीवर तासभर काय बोलणार, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण मला वाटते, या लहान गोष्टीत मराठी घरातल्या मुलाच्या इंग्रजी शिकण्याची बरीचशी कहाणी आहे. तेवढेच नव्हे, आपण एकमेकांना आणि आपल्या मुलांना कसे मोजतो, याचाही थोडा विचार तिच्यात आहे.

प्रथम आपल्या मुलांची परिस्थिती पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. सचिवालयाबरोबर अनेक मराठी कुटुंबे नागपूर सोडून इकडे आली. त्याच वर्षी ब्रिटिश सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याची स्थापना झाली आणि त्यानिमित्तानेही मराठी माणसे या शहराच्या पूर्वभागात वसली. त्यांच्या मुलानातवंडांच्या कानांवर चार भाषा पडतात. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, जुन्या शहरात गेले की उर्दूची छटा असलेली भोपाळी बोली आणि शाळेत इंग्रजी. या चारही भाषांत तुलना करण्याची रीत निरनिराळी आहे. मूल जेव्हा 'मोर टॉल' किंवा 'मोर बेटर' लिहिते, तेव्हा या चार रीतींपैकी कोणती तरी एक त्याच्या लेखणीतून बोलत असते. आपण त्यावर लाल रेघ मारतो आणि पुढे जातो. त्या रेघेच्या आधी क्षणभर थांबून, ही चूक आली कोठून, हे पाहावे अशी माझी विनंती आहे.

मराठीची रीत अतिशय साधी आहे. 'श्याम उंच आहे' आणि 'श्याम रामापेक्षा उंच आहे' या दोन वाक्यांत 'उंच' हा शब्द काडीचाही बदलत नाही. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययावर किंवा 'हून' या पंचमीच्या प्रत्ययावर पडतो. हिंदीतही तसेच, तिथे हे काम 'से' करतो. सर्वांत वरची पायरी दाखवायची तर आपण 'सर्वांत उंच' म्हणतो, किंवा अधिक जिवंत मराठीत 'मोठ्यात मोठा', 'लहानात लहान' म्हणतो. विशेषण आपल्या जागी स्वस्थ बसलेले असते. म्हणून 'ही इज टॉल दॅन मी' असे लिहिणारे मूल बेफिकीर नसते. ते आपल्या मातृभाषेशी प्रामाणिक असते. 'दॅन' आला म्हणजे तुलना झाली, अशी त्याची समजूत असते आणि त्याच्या भाषेत ती बरोबरच असते. थोडे मोठे झालेले मूल 'जास्त उंच' याचे 'मोर टॉल' करते. तीही मराठीचीच छाया.

इंग्रजीची रीत निराळी आहे. तिथे विशेषण स्वतःच रूप बदलते. एका उच्चारावयवाचे शब्द, म्हणजे टॉल, शॉर्ट, कोल्ड, स्मॉल, हे 'अर' आणि 'एस्ट' हे प्रत्यय घेतात. दोन अवयवांच्या शब्दांपैकी ज्यांच्या शेवटी 'ई'चा उच्चार येतो, ते हॅपी, इझी, हेवी यांसारखे शब्दही बहुधा हेच प्रत्यय घेतात आणि लिहिताना त्यांच्या शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो. नॅरो, सिंपल, क्लेव्हर यांसारखे काही शब्दही या पंक्तीत बसतात. त्याहून लांब शब्द, म्हणजे ब्यूटिफुल, इंटरेस्टिंग, डिफिकल्ट, हे प्रत्यय घेत नाहीत. त्यांच्या आधी 'मोर' आणि 'मोस्ट' येतात. बिग, हॉट, थिन यांसारख्या शब्दांत ऱ्हस्व स्वरानंतर एकच व्यंजन असल्यामुळे प्रत्यय लागताना शेवटचे अक्षर दुप्पट होते. हे सारे नियम आपण पाठ केले. हे नियम मुख्यतः कानाचे आहेत, हे मात्र आपल्याला क्वचितच सांगितले गेले. लांब शब्दाला आणखी शेपूट जोडली तर जीभ अडखळते, म्हणून इंग्रज माणसाने तिथे स्वतंत्र शब्द आधी ठेवला. मुलांना नियम सांगण्यापूर्वी शब्दाचे उच्चारावयव टाळीवर मोजायला शिकवले, तर निम्मे काम होते. एक टाळी असेल तर प्रत्यय, तीन टाळ्या असतील तर 'मोर', आणि दोन टाळ्या असतील तर शब्दाचा शेवट पाहावा.

इंग्रजीत या दोन रीती कशा आल्या, तेही पाहण्यासारखे आहे. 'अर' आणि 'एस्ट' हे तिचे वडिलोपार्जित धन. 'मोर'ची रीत साधारण तेराव्या शतकापासून तिच्या लेखनात दिसू लागते आणि पुढे बळावते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा मोठा लोंढा इंग्रजीत आला होता. त्या लांबलचक शब्दांना 'मोर'ची जोड सोयीची पडली. दोन रीती शेजारी नांदू लागल्यावर त्यांची सरमिसळही झाली. खुद्द शेक्सपियरने 'ज्युलियस सीझर' नाटकातील अँटनीच्या भाषणात एका विशेषणाला 'मोस्ट' आणि 'एस्ट' दोन्ही एकदम लावले आहेत. त्या काळी तो दोष नव्हता, जोर देण्याची रीत होती. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या बिशपने इंग्रजीचे छोटेखानी व्याकरण लिहिले आणि अशा दुहेरी रूपांना अशुद्ध ठरवले. १७९५ मध्ये लिंडली मरेचे व्याकरण निघाले आणि ते शाळाशाळांतून पसरले. तेव्हा आपले मूल 'मोर बेटर' लिहिते तेव्हा आजच्या नियमाने ते चुकते, हे खरे. पण त्या चुकीच्या पंगतीत बरीच मोठी माणसे बसलेली आहेत, हेही खरे. इंग्रजीने अशी काही दुहेरी रूपे पचवूनही टाकली आहेत. 'लेस' हे मुळात तुलनेचेच रूप, त्याला पुन्हा प्रत्यय लागून 'लेसर' झाले. 'निअर' हे 'नाय' या जुन्या शब्दाचे तुलनारूप; त्याचे पुन्हा 'निअरर' झाले, आणि त्याच घराण्यातले तमरूप 'नेक्स्ट' आज वेगळाच शब्द होऊन बसले.

आता मी आपल्याला संस्कृतकडे नेणार आहे. माझ्या मते आपल्या मुलांना इंग्रजी तुलना शिकवण्याची किल्ली तिथे आहे आणि ती आपण वापरत नाही.

पाणिनीने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास अष्टाध्यायीत तुलनेचे दोन प्रत्ययसंच सांगितले. एक 'तर' आणि 'तम', दुसरा 'ईयस्' आणि 'इष्ठ'. दोहोंमध्ये तुलना असेल तर 'तर' किंवा 'ईयस्', अनेकांमध्ये असेल तर 'तम' किंवा 'इष्ठ'. इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर लिहिलेला 'दोघांत कंपॅरेटिव्ह, अनेकांत सुपरलेटिव्ह' हा नियम तो हाच. पहिल्या संचातले लघुतर, लघुतम आपल्या परिचयाचे आहेत. दुसऱ्या संचातले ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ हे शब्द तर आपण रोज वापरतो. फक्त ते तमरूपे आहेत हे विसरलो आहोत.

१७८६ च्या फेब्रुवारीत सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मूळाविषयी आपले प्रसिद्ध विधान केले. त्यानंतरच्या दोन शतकांत भाषाशास्त्रज्ञांनी जे सिद्ध केले, त्यात या प्रत्ययांचाही समावेश आहे. संस्कृतातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच मूळाचे आहेत. 'ईयस्' आणि 'अर' यांचेही नाते तेच. याचे गोड उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. 'स्वादु' आणि इंग्रजी 'स्वीट' हे सख्खे शब्द. त्यामुळे संस्कृत 'स्वादिष्ठ', ज्याला आपण मराठीत 'स्वादिष्ट' लिहितो, आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' ही मुळापासून टोकापर्यंत एकच घडण आहे. घरी श्रीखंड खाऊन 'स्वादिष्ट झालंय' म्हणणारे मूल नकळत इंग्रजीचा 'एस्ट' प्रत्यय उच्चारत असते. हे त्याला सांगून पाहा. सुपरलेटिव्हची भीती जाते.

'तर' प्रत्ययाचीही इंग्रजीत भावंडे आहेत, पण ती विशेषणांत नव्हे, लहान लहान शब्दांत लपली आहेत. संस्कृतात 'कतर' म्हणजे दोहोंपैकी कोणता. त्याचा इंग्रजी भाऊ म्हणजे 'व्हेदर'. 'अंतर' या शब्दाचा संस्कृतात 'दुसरा' असाही अर्थ आहे आणि त्याचे नाते 'अदर'शी आहे. आता आपल्या लक्षात येईल की, 'अदर' आणि 'व्हेदर' यांच्या शेवटी जो ध्वनी ऐकू येतो, तो आपला 'तर'च आहे.

मग गुड, बेटर, बेस्ट यांसारख्या अनियमित रूपांचे काय? मुलांना वाटते की हा इंग्रजीचा लहरीपणा आहे. पण पाणिनीने नेमका हाच प्रकार संस्कृतात नोंदवला आहे. 'प्रशस्य' म्हणजे वाखाणण्याजोगा. या शब्दाला 'इष्ठ' लावायचा झाला की मूळ शब्द बाजूला सारून त्या जागी 'श्र' आणावा, असे तो सांगतो. त्यातून 'श्रेष्ठ' झाला. 'वृद्ध' शब्दाच्या जागी 'ज्य' येऊन 'ज्येष्ठ' होतो. 'युवन्' आणि 'अल्प' यांच्या जागी 'कन्' येऊन 'कनिष्ठ' होतो. 'गुड' जाऊन 'बेट' येतो आणि 'बेटर', 'बेस्ट' होतात, यात आणि 'प्रशस्य' जाऊन 'श्र' येतो यात तत्त्वतः काय फरक आहे? माणसाला जे गुण अतिशय जवळचे असतात, चांगले-वाईट, थोडे-फार, लहान-थोर, त्यांचीच रूपे बहुधा अनियमित राहतात. रोजच्या वापरातील भांडी जशी एका संचातली नसतात, तशीच ही रूपे.

भोपाळच्या मुलांना आणखी एक खजिना उपलब्ध आहे, जो पुण्या-साताऱ्याच्या मुलांना इतका सहज मिळत नाही. इथल्या रस्त्यावर 'बेहतर', 'बदतर', 'कमतर' हे शब्द सर्रास ऐकू येतात. फारसीतला हा 'तर' आणि संस्कृतातला 'तर' हे एकाच कुळातले. 'बेहतरीन'मध्ये त्याचीच वरची पायरी आहे. अनेकांना वाटते की 'बेहतर' आणि 'बेटर' हा एकच शब्द आहे. तो मात्र योगायोग आहे. 'बेटर'मध्ये तुलनेचा प्रत्यय फक्त 'अर' आहे, त्यातला 'ट' मूळ शब्दाचा आहे. 'बेहतर'मध्ये 'बेह' अधिक 'तर' अशी फोड आहे. गंमत अशी की, 'बेह' हेच मुळात जुन्या इराणी भाषेतले तुलनारूप होते. म्हणजे 'बेहतर' हा आपल्या मुलांच्या 'मोर बेटर'चा प्रतिष्ठित चुलतभाऊच म्हणायचा.

अरबीची तऱ्हा याहून वेगळी. तिथे शब्दाच्या पुढेमागे काही न जोडता शब्दाचा साचाच बदलतात. 'कबीर' म्हणजे मोठा, त्याचे तुलनारूप 'अकबर'. 'शरीफ'चे 'अशरफ', 'सगीर' म्हणजे लहान, त्याचे 'असगर'. तर आणि तम या दोन्ही पायऱ्यांना हे एकच रूप चालते. संत कबीर आणि बादशहा अकबर या दोन नावांत पॉझिटिव्ह आणि कंपॅरेटिव्ह डिग्रीचे नाते आहे, असे सांगितले की वर्गात कोण कान टवकारणार नाही?

आणि आपले शहर तर तुलनेचा चालताबोलता पाठ आहे. परंपरेने राजा भोजाच्या नावावर असलेला बडा तालाब आणि त्याच्या शेजारचा छोटा तालाब पाहा. 'बडा' आणि 'छोटा' ही साधी विशेषणे, पण दोन तलाव शेजारी असल्यामुळे त्यांना तुलनेचा अर्थ आला. इंग्रजीत त्यांची नावे 'अपर लेक' आणि 'लोअर लेक' अशी आहेत. इथे मात्र 'अर' प्रत्यय उघड दिसतो. आपल्या शाळेच्या पाटीकडे पाहा. मध्य प्रदेशात आपण 'उच्चतर माध्यमिक' म्हणतो, महाराष्ट्रात त्याच वर्गांना 'उच्च माध्यमिक' म्हणतात. 'हायर सेकंडरी'मधला 'अर' हिंदीने 'तर' लावून जपला, मराठीने तो आपल्या स्वभावानुसार सोडून दिला. सीमेच्या अलीकडे एक प्रत्यय आहे, पलीकडे नाही. मराठीच्या स्वभावाचे याहून नेमके चित्र मिळणार नाही. गणितातले लसावि आणि मसावि आठवा. त्यांतले 'लघुतम' आणि 'महत्तम' आपण पाचवीपासून वापरतो. म्हणजे 'तम' आपल्या मुलांना गणिताच्या तासाला येतो आणि इंग्रजीच्या तासाला येत नाही, असे कसे होईल? दोन तासांच्या मधली भिंत तेवढी आपण उभी केलेली असते.

मराठीत प्रत्यय नाहीत म्हणून मराठी तुलनेत दरिद्री आहे, असे मात्र कोणी समजू नये. तिने तुलनेसाठी आपली वेगळीच साधने घडवली. १७३७ च्या डिसेंबरात याच भोपाळजवळ निजामाला कोंडीत धरणाऱ्या आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याचा तह करायला लावणाऱ्या पेशव्यांना आपण 'थोरले बाजीराव' म्हणतो. नातू बाजीराव झाला, तेव्हा आजोबा 'थोरले' ठरले. 'थोरला' आणि 'धाकटा' हे शब्द एकट्याने उभेच राहू शकत नाहीत. दुसरा कोणीतरी असावाच लागतो. इंग्रजीत 'एल्डर' हा शब्द नेमका असाच नात्यात वापरला जातो. मराठीने अपूर्णांकांचेही तुलनारूप केले. 'सवाई' म्हणजे सव्वापट. सवाई माधवरावांच्या नावात तुलना आहे. शेरास सव्वाशेर भेटतो, हे तुलनेचे वाक्य आहे. आणि शहाणपणाची मर्यादा ओलांडली की माणूस 'दीडशहाणा' होतो. इथे वाढलेले परिमाण गुणाचा दोष करते. 'मोर वाइज' की 'वायझर', या प्रश्नाने हैराण झालेल्या विद्यार्थ्याला हे सांगावे की, बाबा रे, तुझ्या भाषेने या गुणाची थेट दीडपट करून ठेवली आहे.

आता वापराकडे वळतो, कारण रूप येते पण वापर चुकतो, हा आपल्या पदवीधरांचाही अनुभव आहे.

पहिली गोष्ट समानधर्मांची. 'मुंबईची लोकसंख्या भोपाळपेक्षा जास्त आहे' हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यात लोकसंख्येची तुलना शहराशी झाली, हे मराठी कान चालवून घेतो. इंग्रजी चालवून घेत नाही. तिथे 'दॅन दॅट ऑफ भोपाल' असे म्हणावे लागते. तुलना सजातीय वस्तूंचीच व्हावी, हा तिचा आग्रह.

दुसरी गोष्ट 'अदर'ची. 'मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन इंडिया' हे वाक्य तर्काला धरून नाही, कारण मुंबई स्वतः भारतातले शहर आहे आणि ती स्वतःपेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणून 'एनी अदर सिटी'. परीक्षेत डिग्री बदलायला सांगतात, तेव्हा 'नो अदर' आणि 'व्हेरी फ्यू' हे शब्द आपण मंत्रासारखे घालत असू. 'वन ऑफ द' असेल तर 'व्हेरी फ्यू', नसेल तर 'नो अदर'. सर मात्र हा मंत्र देत नसत. ते म्हणत, आधी मला सांगा, या गुणात त्याच्या बरोबरीला कोणी आहे की नाही? बरोबरीला कोणीच नसेल तर 'नो अदर', थोडे असतील तर 'व्हेरी फ्यू'. अर्थ कळला की शब्द आपोआप जागेवर पडतात.

तिसरी गोष्ट लॅटिनमधून आलेल्या शब्दांची. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमध्येच तुलनारूपे होते. त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो; आणि 'मोर'ही लागत नाही. सचिवालयात आणि कारखान्यात ज्यांची उभी हयात सीनियॉरिटीच्या याद्या पाहण्यात गेली, त्यांनाही हा 'टू' चकवतो.

चौथी गोष्ट संदिग्धतेची. 'आई माझ्यापेक्षा ताईवर जास्त माया करते' या वाक्याचे दोन अर्थ होतात. मी ताईवर जेवढी माया करतो त्याहून आईची माया जास्त, हा एक. आणि आईची माझ्यावरची माया कमी, ताईवरची जास्त, हा दुसरा. मराठीत प्रसंगावरून कळते. औपचारिक इंग्रजीत 'दॅन आय' आणि 'दॅन मी' यांनी हे दोन अर्थ वेगळे करता येतात. व्याकरणाचा एक बारीक नियम घरातला एक गैरसमज टाळू शकतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

पाचवी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. तुलनारूप मूळ गुणाची ग्वाही देत नाही. 'टॉलर' म्हटलेला मनुष्य 'टॉल' असेलच असे नाही. दोन बुटक्यांमध्येही एक टॉलर असतोच. इंग्रजीत रूप बदलते, म्हणून हे निदान डोळ्यांना दिसते. मराठीत 'उंच' तसाच राहतो, म्हणून 'रामापेक्षा उंच' ऐकताना तो खरोखर उंच आहे असा भास होतो. रुग्ण 'बेटर' आहे असे डॉक्टरांनी म्हटले की तो 'वेल' झाला असे होत नाही. कालच्यापेक्षा आज ठीक, एवढेच. आपला 'बरा' हा शब्द याच्या फार जवळ आहे. 'त्यापेक्षा हे बरे' म्हणताना आपण दोहोंपैकी एकाला पसंती देतो, त्याला चांगले म्हणतोच असे नाही.

आता हे सारे वर्गातून घराकडे नेऊ. छत्तीस गुण मिळवणारे मूल पस्तीसवाल्यापेक्षा 'बेटर' असते आणि ब्याण्णववाले चौऱ्याण्णववाल्यापेक्षा 'वर्स' असते. व्याकरणाने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. पण पहिल्या मुलाला आपण हुशार समजू लागतो आणि दुसऱ्याला मागे पडलेला म्हणतो, तेव्हा आपण तुलनारूपातून मूळ गुण ओढून काढत असतो. आणि तो तिथे नसतो. 'शेजारच्या मुलीपेक्षा तुला कमी का?' हा प्रश्न किती घरांत किती वेळा विचारला जातो! मूल त्यातून एवढेच ऐकते की ते 'कमी' आहे. 'पेक्षा' हवेत विरून जातो आणि 'कमी' मनात राहतो. असे वर्षानुवर्षे ऐकत वाढलेल्या मुलाचे काय होते, ते शिक्षकांना ठाऊक आहे. ते हात वर करणे सोडून देते.

'पेक्षा' हा शब्द संस्कृत 'अपेक्षा'पासून आला आहे. 'च्या संदर्भात, च्या मानाने' असा त्याचा आशय. 'सापेक्ष' हा शब्दही तिथलाच. म्हणजे प्रत्येक तुलना सापेक्ष आहे, हे आपल्या भाषेने त्या अव्ययातच लिहून ठेवले आहे. मुलांच्या बाबतीत 'पेक्षा' उच्चारताना आपली 'अपेक्षा'ही त्यात मिसळलेली असते, हेही आईवडिलांनी ध्यानात घ्यावे. प्रगतिपुस्तकावर सरांचा शेरा बहुधा एकाच घडणीचा असे: मागील चाचणीपेक्षा बरे, किंवा मागील चाचणीपेक्षा कमी. तुलना टळत नव्हती, पण 'पेक्षा'च्या आधी दुसरे मूल कधी येत नसे. तिथे त्याच मुलाचा कालचा दिवस असे.

हीच गोष्ट भाषांना लागू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला आणि आपल्या सर्वांना आनंद झाला. पण अभिजात म्हणजे इतर भाषांहून श्रेष्ठ, असे वाक्य त्या निर्णयात नाही. उलट बाजूने, इंग्रजीमुळे नोकरी मिळते म्हणून ती मराठीपेक्षा वरची, असे मानून घरातली मराठी बंद करणारी कुटुंबे मी या शहरात पाहतो. 'पुढे कामाला येणारी' आणि 'वरची' हे दोन वेगळे गुण आहेत. तुलना कोणत्या गुणाची, हे सांगितल्याशिवाय तुलनेला अर्थ नसतो. ज्या मुलाला 'पेक्षा' नीट कळला, त्याला 'दॅन' लवकर कळतो. आणि ज्याच्या घरातून 'स्वादिष्ट' नाहीसा झाला, त्याला 'स्वीटेस्ट' समजावून सांगायला आपल्यापाशी दुवा उरत नाही. मराठी सोडून दिल्याने इंग्रजी सुधारते असे नाही. पाय ठेवायला असलेली पायरी मात्र जाते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे सुचवले आहे. ते आपल्या राज्यात मराठी मुलांच्या वाट्याला शाळेतून कितपत येईल, हा प्रश्न मोठा आहे. घरातून मात्र ते आजही येऊ शकते.

शेवटी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. 'तर' आणि 'तम' हे दोन निव्वळ प्रत्यय. त्यांना एकत्र करून आपल्या पूर्वजांनी 'तरतम' असा शब्द केला आणि त्यापासून 'तारतम्य' हे भाववाचक नाम घडवले. व्याकरणातल्या दोन शेपट्यांपासून विवेकाला नाव देणारा हा शब्द आहे. कमी-अधिक ओळखणे, कोणाची कोणाशी तुलना करावी आणि कोणाची करू नये हे जाणणे, याला आपण तारतम्य म्हणतो. डिग्री बदलण्याच्या प्रश्नाला परीक्षेत चार गुण असतील. तारतम्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. तो शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून राखायचा असतो. सरांनी तो आयुष्यभर राखला आणि म्हणूनच आज आपण सारे येथे जमलो आहोत.

 सरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.